दात आणि चिठ्ठी

मराठी भाषेने दातांवर फार माया केली आहे. कुणी दात खातो, कुणी विचकतो. दात कोरून पोट भरत नाही असे वडीलधारे सांगतात, आणि हत्तीचे दाखवायचे दात निराळे नि खायचे निराळे म्हणून बजावतात. शार्कला मात्र ही शेवटची म्हण लागू पडत नाही. त्याचे सगळेच दात खायचे. आणि लक्षावधी वर्षांनंतर तो आपल्याला दाखवतो तेही बहुधा तेवढेच. त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. मेल्यावर तो विरून जातो. दात मात्र टणक. जबड्यात त्यांच्या रांगांमागे रांगा सज्ज असतात; पुढचा गळला की मागचा त्याची जागा घेतो. एकेका माशाचे असे हजारो दात जन्मभरात समुद्रतळाशी पडतात. तेव्हा प्राचीन शार्कांची ओळख पटवायची ती मुख्यत्वे या दातांवरूनच.

हे दात आहेत, एवढे कळायलाही माणसाला फार काळ लागला. रोमन पंडित प्लिनी त्यांना जिभेच्या आकाराचे दगड समजे, आणि चंद्र क्षीण होताना ते आकाशातून पडतात असे त्याने लिहून ठेवले. माल्टा बेटावर सापडणारे असे दगड सर्पविषावर उतारा म्हणून युरोपभर विकले जात. १६१६ साली फाबिओ कोलोन्ना याने ते शार्कचे दात असल्याचे प्रतिपादन केले. पुढे १६६६ साली इटलीत लिव्होर्नोजवळ एक प्रचंड शार्क पकडला गेला. त्याचे डोके फ्लॉरेन्सला स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे आले. त्याने ते फाडून पाहिले, आणि जबड्यातले दात व खडकातल्या ‘जिभा’ यांतले साम्य १६६७ साली प्रसिद्ध केले.

या नादाला लागल्यापासून फावल्या वेळी आम्हीही भिंग घेऊन बसतो. पहिला धडा असा की, रंगाला भुलू नये. काळा, तपकिरी, राखी हे रंग दाताला पुरले गेल्या मातीतल्या खनिजांनी दिलेले असतात. जातीशी त्यांचा संबंध नाही. पाहायची ती कड, बगलेची टोके आणि मूळ. कड गुळगुळीत आहे की करवतीसारखी? मुख्य टोकाच्या दोन्ही बाजूंस छोटी टोके आहेत काय? सर्वांना हवा असतो तो मेगलोडॉन. तो सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नष्ट झाला. त्याचा मोठ्यात मोठा दात १७ सेंटिमीटरांच्या घरात जातो. कडेला बारीक, एकसारखे दाते, आणि आतल्या बाजूस मूळ व पाते यांच्यामध्ये एक गडद पट्टा. आजच्या पांढऱ्या शार्कचा दातही त्रिकोणी व करवतीच, पण त्याला तो पट्टा नसतो आणि दाते अधिक भरड असतात. शार्कांचे भाऊबंद जे पाकट, त्यांपैकी कित्येकांचे दात तर फरशीसारखे सपाट. शिंपले भरडण्याच्या कामाचे.

खरी अडचण पुढेच आहे. एकाच माशाच्या जबड्यात पुढचा दात निराळा, बाजूचा निराळा, वरचा निराळा, खालचा निराळा. एका कारकुनाच्या सह्या चार ठिकाणी चार तऱ्हेच्या दिसाव्यात, तसेच हे. सुट्या दातावरून नवी जात ठरवण्याचा मोह म्हणूनच धोक्याचा.

आमच्या कचेरीतील एका ओडिया सहकाऱ्यांनी मध्यंतरी दिवंगत वडिलांच्या पेटीतला एक दात आणून दाखवला. मेगलोडॉनचा निघाला तर मुलीसाठी चांदीत मढवून घ्यावा, असा त्यांचा मनोदय होता. लांबी जेमतेम सव्वा इंच. दाते ठसठशीत, पण टोकाच्या अलीकडेच थांबलेले, आणि टोक साफ गुळगुळीत. ही हेमिप्रिस्टिसची खूण. त्याचा वरचा दात असा रुंद, तर खालचा पुढचा आरीसारखा निमुळता. त्याच कुळातली एक जात हिंदी महासागरात आजही आहे.

“पण हा कुठला, केव्हाचा?” त्यांनी विचारले. दात त्याचे उत्तर देईना. हा मासा कोट्यवधी वर्षे जगभरच्या उबदार समुद्रांत वावरत होता. तेव्हा आम्ही पेटीत आणखी काही होते का, असे विचारले. एक कसर लागलेली चिठ्ठी होती. टाकून द्यायची म्हणून बाजूला काढलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आणली. वडिलांच्या हातची एकच ओळ : बारीपद्याजवळ, बुढाबलंग नदीचा काठ.

त्या ओळीने निकाल लागला. मयूरभंजातील ते थर मायोसीन काळाचे. शार्कांच्या दातांसाठी भूवैज्ञानिकांना सुपरिचित. आज समुद्र तिथून दूर आहे, पण त्या काळी तो तिथवर आला होता, याची साक्ष हा दात देतो. मात्र ती साक्ष चिठ्ठीवाचून ग्राह्य धरता येत नाही. चिठ्ठी गेली असती तर हाती उरला असता तो नुसता एक देखणा दात, कुठलाही.

बदलीच्या नोकरीत आपण सामानावर कुठे जायचे ते ठळक अक्षरांत लिहितो. कुठून निघाले ते लिहिण्याची गरज कुणाला वाटत नाही. सहकाऱ्यांनी चांदीचा बेत सोडला. त्यांनी एक काचेची डबी आणली, दाताखाली ती चिठ्ठी घडी घालून ठेवली, आणि दुसऱ्या कागदावर तीच ओळ उतरून, खाली वडिलांचे नाव मुलीकडून लिहवून घेतले.