एकाच डीपीवरच्या दोन स्कूटर



आज पिकाचं नाही, बॅटरीचं सांगतो. पण पद्धत शेतातलीच आहे.

आमची इलेक्ट्रिक स्कूटर १ लाख १८ हजारांची. दोन्ही वेळचं दूध डेअरीला, मधे शेताच्या फेऱ्या. नवी असताना एका चार्जिंगमध्ये ८५ किलोमीटर जायची, चौदाव्या महिन्यात ३८ वर आली. एकदा रस्त्यातच बंद पडली आणि दूध नासलं. बॅटरीची वॉरंटी ३ वर्षांची. सर्व्हिस सेंटरला तीनदा नेली. "अपडेट मारलाय, आता चालंल." चौथ्यांदा म्हणाले, "तुमच्या गावात व्होल्टेज कमी-जास्त होतंय, ते वॉरंटीत बसत नाही. नवी बॅटरी ५२ हजार."

नव्या खताचा फरक बघायचा तर आपण दोन सऱ्या खताविना सोडतो. तेच केलं. पुतण्याकडं तेच मॉडेल, त्याच महिन्यात घेतलेलं, चार्जिंग त्याच डीपीवर. दहा दिवस दोन्ही गाड्या एकाच रस्त्यानं, सारख्या वजनावर, रोज ३० किलोमीटर चालवल्या. सुरू करताना आणि थांबल्यावर मीटरचा फोटो, आकडे वहीत. त्याची बॅटरी ३५ ते ३८ टक्के उतरायची, माझी ८० च्या आसपास. व्होल्टेजचाच दोष असता तर दोन्ही बसल्या असत्या की!

अमेरिकेत वारंवार दुरुस्त करूनही न सुधारणाऱ्या गाडीला 'लेमन' म्हणतात. त्यासाठी तिथं राज्याराज्यांत 'लेमन लॉ' आहेत. आपल्याकडं असा वेगळा कायदा नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. आधी १९१५ या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. मग विक्रेता आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टनं नोटीस धाडली, १५ दिवसांची मुदत देऊन. उत्तर तेच, व्होल्टेज. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ध्यानात ठेवा:

• वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही.
• आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो.
• कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करायची.
• दोष तपासल्याशिवाय कळत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

कंपनीनं मुद्दा काढला, "गाडीवर दूध वाहता, म्हणजे व्यापारी वापर." पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी केलेला वापर कायद्यानं व्यापारी धरत नाहीत. आपल्या सगळ्यांच्या कामाचा हा मुद्दा आहे.

तिसऱ्या तारखेला कंपनीच तडजोडीला आली. आधी म्हणाले जुन्याच बॅटरीतले सेल बदलून देतो. मी नवीच मागितली. मिळाली. तिचा नंबर आणि वॉरंटीची तारीख तडजोडीच्या कागदावर लिहून घेतली. बुडालेल्या दुधाचं मागितलं होतं, ते नाही मिळालं. सात महिने गेले, हेलपाटे झाले ते वेगळेच. पण ५२ हजार वाचले.

आयोगापुढं उपयोगी पडलं ते तीन जॉब कार्डं आणि दहा दिवसांची वही. "गाडी कमी पळते" एवढं तोंडी सांगून भागत नाही. प्रत्येक वेळी जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत, किलोमीटरच्या आकड्यासह लिहून घ्या. बॅटरीची क्षमता मशीनवर किती टक्के दाखवते त्याचा छापील कागद मागा. वॉरंटी किती टक्क्यांखाली लागू होते ते वॉरंटी कार्डात बघा.

जॉब कार्ड हातात पडल्याशिवाय गाडीची चावी देऊ नका.