नजर ठरली

देखण्या वस्तूवर नजर ठरत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. नेरूळला माझी नात तापातून उठली आणि तिची नजर खरोखरच ठरेना. बुबुळे सैरावैरा धावत. पापण्या मिटल्या तरी त्यांखाली धावपळ चालूच! डॉक्टर म्हणाले, विषाणूच्या तापाने मेंदूला सूज आली आहे. नजरेचा लगाम मेंदूच्या देठाशी असतो, तोच सुटला. १९१३ साली ओझेखोव्स्की या पोलिश डॉक्टरांनी या विकाराला 'ऑप्सोक्लोनस' हे नाव दिले. नाव कळल्याने का काळजी मिटते? पोरीला आईचा चेहराही धड दिसत नव्हता.

काही महिन्यांनी खाडीत रोहित पक्षी उतरले. "आजोबा, तो बघा, एका पायावर उभा!" ती म्हणाली. पक्षी मी पाहिलाच नाही; तिचे डोळे पाहत राहिलो.