एकाच दस्तरखानावर

आमच्या अर्धापूरच्या घरात लाड म्हणजे गहू. मोठी माणसे ज्वारीची भाकरी खात आणि धाकट्या लेकीला तूप लावलेली चपाती मिळे. सकाळी दुधात कुस्करलेली चपाती, संध्याकाळी बिस्किटे. तरी पोर वाढेना. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, सारखे जुलाब. दोन वर्षे जंताची औषधे झाली, लोहाची टॉनिके झाली, नजरही उतरवून झाली. शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी तपासणी करायला सांगितली. मग दुर्बिणीने लहान आतड्याचा नमुना घेतला. निदान झाले : सीलिएक. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे तिचे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटत होते. याला गोळी नाही. गहू आयुष्यभर बंद.

त्या रात्री कुणालाच झोप लागली नाही. आम्ही जे मायेने भरवत होतो, तेच तिला पोखरत होते.

डॉक्टरांनी धीर दिला. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे पाव मिळेनासा झाला, तेव्हा या दुखण्याची मुले सुधारली. तिथल्या डॉ. डिके यांचा गव्हावरचा संशय त्यामुळे बळावला आणि १९५० साली त्यांनी तो प्रबंधात मांडला. म्हणजे पथ्य हेच औषध.

पण पथ्य सोपे नव्हते. नान, समोसा, हलीम, मोहरमचा खिचडा, सगळ्यात गहू. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते. लेकीला ताकद यावी म्हणून दादीने तल्बिना करायला घेतला, तर जवातही ग्लुटेन निघाले. दादी दुखावल्या. "हदीसमध्ये आलेली चीज कशी बाधेल?" मौलाना साहेबांना विचारले. ते म्हणाले, "अम्मा, नेमत सगळ्यांसाठी आहे, पण जीव ही अल्लाहची अमानत. ज्याला बाधते त्याने टाळावे." दादींनी जवाचा डबा स्वतः उचलून ठेवला.

ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, अंडी, गोश्त आणि आपली अर्धापूरची केळी, सगळे तिला चालते. तरी एकदा पुन्हा पोट बिघडले. गिरणीत आमच्याआधी कुणाचे गहू दळले होते. तेव्हापासून ज्वारी घरच्या छोट्या चक्कीवर दळतो. तिचा तवा आणि परातही वेगळी.

सगळ्यात जड गेली ती ईद. पहिल्या वर्षी सगळे शीरखुर्म्यावर बसले आणि ती कोपऱ्यात आपला डबा घेऊन. गेल्या ईदला दादींनी तांदळाच्या पिठाच्या शेवया सोऱ्यावर पाडून वाफवल्या. थोड्या तुटल्या, पण पातेले एकच होते. लेकीने दोन वाट्या खाल्ल्या आणि पाहुण्यांना स्वतः वाढले. माशाअल्लाह, आता तिचे गाल भरलेत.

वाचक भगिनींनो, मूल वाढत नसेल तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारा. मात्र तपासणीआधी गहू बंद करू नका, नाहीतर आजार सापडत नाही. निदान झालेच, तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. आणि लेकराचे ताट वेगळे मांडण्याआधी, सगळ्यांचे ताट त्याच्यासारखे होईल का, एवढे बघा. अल्लाह सर्व मुलांना शिफा देवो. आमीन.