कोऱ्या कागदाचा मालक

कोरा कागद म्हणजे कोरा, असे आपण सहज म्हणून जातो. पण संगणकावरचा कोरा कागद तुमच्यापुढे येण्याआधीच त्याची लांबी, रुंदी आणि मापाचे एकक कोणीतरी परस्पर ठरवून ठेवलेले असते.

आमच्या घरी चित्रे काढण्यासाठी ‘इंकस्केप’ आहे. ते फुकट मिळते, हा त्याचा महिनाअखेरीस विशेष जाणवणारा गुण. २००३ साली ‘सोडिपोडी’ नावाच्या दुसऱ्या अशाच प्रोग्रॅममधून फुटून त्याने वेगळे बिऱ्हाड केले. त्यात चित्र रेषांच्या गणिताने साठवले जाते. म्हणून तळहाताएवढी आकृती अंगणाएवढी केली तरी कडा फुटत नाहीत.

सौभाग्यवती त्यावर रांगोळीच्या छापांच्या आकृत्या काढतात. एक बचतगट ते छाप कापून दिवाळीत विकतो. त्यांना लागतो ३०० मिलिमीटरचा चौरस. इंकस्केप उघडले की पुढ्यात येतो ए-फोर, २१० बाय २९७. हे माप १९२२ साली जर्मनीत ठरले. कागद मधोमध दुमडला तरी लांबीरुंदीचे प्रमाण तेच राहावे, असा त्यामागचा हिशेब. हिशेब मोठा सुंदर आहे, पण तो ठरवताना रांगोळीचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही.

मग रोज ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’ उघडायचे, कागद चौरस करायचा, २० मिलिमीटरची जाळी घालायची आणि रेघांऐवजी ठिपके दिसतील असे करायचे. कडेचे सोडून आत १४ ओळींत १४ ठिपके बसतात. ते पडद्यावर दिसतात, छापताना उमटत नाहीत. हे सारे पाच मिनिटांचे काम. “पाच मिनिटांचं काय एवढं?” असे चिरंजीव म्हणाले. दुपारची झाकपाक उरकल्यापासून चहाचे आधण ठेवीपर्यंतचा वेळच काय तो आईचा, हा हिशेब त्यांच्या कॉलेजात शिकवीत नसावेत.

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा माझ्या आईच्या उंचीचा आहे आणि फळ्या वडिलांच्या हाताला येतील अशा. सौभाग्यवती या घरात आल्या तेव्हा जे होते ते त्यांनी घेतले. फळीवरचा डबा काढायला आजही स्टूल लागते.

एके दुपारी त्यांनी कागद आणि जाळी मनाजोगी केली, वर काहीही न काढता ‘सेव्ह टेम्प्लेट’ उघडले, नाव दिले आणि ‘सेट ॲज डिफॉल्ट टेम्प्लेट’ या चौकटीत खूण केली. एवढेच. प्रोग्रॅम आपल्या टेम्प्लेटांच्या फोल्डरात ‘डिफॉल्ट.एसव्हीजी’ नावाची फाइल ठेवतो आणि पुढला प्रत्येक नवा कागद तिच्यावरून काढतो. मूळच्या कागदाला धक्का लागत नाही. ही फाइल काढून टाकली की ए-फोर पुन्हा हजर. (आकारांचे रंग आणि रेघेची जाडी मात्र यात ठरत नाही. ते ‘प्रेफरन्सेस’मध्ये, हत्यारागणिक: मागल्या आकाराचे रूप पुढल्याला द्यायचे, की त्या हत्याराचे स्वतःचे. एकाच घरात दोन कारभारी, त्यातलाच हा प्रकार.)

संध्याकाळी चिरंजीव स्नेहसंमेलनाचे पोस्टर करायला बसले.

“आई, हे काय? मी पोस्टर रांगोळीवर काढू?”

“तुझा कागदही ठेवलाय करून. ‘न्यू फ्रॉम टेम्प्लेट’मध्ये बघ. तुझ्या नावाचा आहे.”

“म्हणजे दर वेळी मी निवडायचा?”

“हो.”

“तुझाच तिथे ठेव ना. माझा आपोआप येऊ दे.”

“नाही रे. माझा येईल आपोआप.”

आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असे सांगावे, तितक्याच सहजपणे त्या बोलल्या. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रातले बाजारभाव फार लक्ष देऊन वाचू लागलो.

आता चिरंजीव कंट्रोल, ऑल्ट आणि एन एकदम दाबून आपला कागद मागवतात. बोटांना सवय झाली आहे. सौभाग्यवतींनी तिरक्या रेघांची जाळी घालून ‘अकरा ते सहा’च्या आडव्यातिडव्या ठिपक्यांसाठी आणखी एक कागद केला आहे. आणि परवा ओट्याची उंची टेपने मोजून त्यांनी तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला. सुताराचा फोन नंबर त्याच्याच खाली आहे.