झाकलेला कोपरा

दुसऱ्यांना पत्ते खेळताना बघत बसणे ही करमणूक कशी होऊ शकते, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने बदलापूर लोकलने फारसा प्रवास केलेला नसावा. आमच्या गाडीत जितके लोक पत्ते खेळत त्याच्या तिप्पट ते बघत. चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ठेवलेली एक ब्रीफकेस, तिच्यावर वर्तमानपत्र, आणि भोवती कड्यांना लोंबकळणारे दहाबारा प्रेक्षक. मेंढीकोट किंवा रमी. स्टेशन जवळ आले तरी डाव संपेपर्यंत दाराकडे न सरकणारी माणसे मी पाहिली आहेत. प्रेक्षकांना एकच नियम होता: तोंड उघडायचे नाही. मागे उभ्या असलेल्याला दोघांचे पत्ते दिसत असत. कोणाकडे हुकमाचा एक्का आहे आणि कोण तो नसल्यासारखा बसला आहे, हे त्याला ठाऊक असे. सगळे ठाऊक असून गप्प राहायचे, यातच त्या बघण्याची खरी गंमत होती.

माझे वडील या मंडळींपैकी एक. परळच्या एका कचेरीत त्यांची नोकरी आणि आयुष्यभर मध्य रेल्वे. आमचे बिऱ्हाड आधी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात भाड्याने, मग अंबरनाथला, आणि १९९८ मध्ये बदलापूरला स्वतःच्या घरात, असे रुळांच्या कडेकडेने सरकत गेले. उल्हासनगरला आमचे घरमालक सिंधी होते आणि दिवाळीत त्यांच्याकडे रात्रभर तीन पत्ती चाले. बाबांना आग्रहाचे बोलावणे असे. ते जात, मिठाई खात आणि तासाभरात परत येत. 'तीन पत्तीत बघण्यासारखं काही नसतं,' असे ते म्हणत. तिन्ही पत्ते झाकलेले, टेबलावर उघडे काहीच नाही. मग विचार कशाचा करायचा?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचेही मत जवळजवळ हेच आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले. १९६७ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात न्यायालयाने म्हटले, की रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. कोणते पत्ते पडून गेले ते लक्षात ठेवावे लागते, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावे लागते, म्हणून तो प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. पुढची कित्येक दशके आपल्याकडची या विषयावरची वकिली याच एका वाक्याभोवती फिरली. पोकर या रेषेच्या कोणत्या बाजूला, यावर निरनिराळी मते पडली. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवला आणि पैसे लावून खेळले जाणारे सगळेच ऑनलाइन खेळ बंद केले. मी स्वतः एक रुपयाही कधी लावलेला नाही. माझा संबंध फक्त बघण्याशी, आणि त्याची सुरुवात २००६ च्या पावसाळ्यातली.

त्या वर्षी बाबा नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांना झोप येत नसे. रात्री उशिरा एका क्रीडावाहिनीवर अमेरिकेतल्या पोकरच्या स्पर्धा दाखवत. आवाज अगदी बारीक करून ते बघत बसत, आणि हळूहळू मीही त्यांच्या शेजारी जाऊन बसू लागलो. इंग्रजी समालोचन त्यांना फारसे कळत नसे, पण पत्ते कळत. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि मधे पाच पत्ते सर्वांसाठी उघडले जातात: आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. प्रत्येक टप्प्यावर बोली. आपले दोन आणि मधले पाच यांतून उत्तम असे पाच निवडायचे. हे त्यांनी दोन रात्रींत आपले आपण शोधून काढले. तिसऱ्या रात्री म्हणाले, 'हा खरा बघायचा खेळ. अर्धं झाकलेलं, अर्धं उघडं.'

वास्तविक दूरचित्रवाणीवर हा खेळ पूर्वी कंटाळवाणाच होता. खेळाडूंचे पत्ते दिसत नसल्यामुळे गप्प बसलेली माणसे पैसे पुढे सरकवतात, एवढेच काय ते दिसे. हे बदलले ते टेबलात बसवलेल्या कॅमेऱ्यामुळे. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये 'लेट नाइट पोकर' या कार्यक्रमाने टेबलाला काचा बसवून खालून पत्ते दाखवले. अमेरिकेत अशा कॅमेऱ्याचे पेटंट १९९५ मध्ये हेन्री ओरेन्स्टाइन यांनी घेतले होते. हे गृहस्थ मूळचे पोलंडचे, नाझी छळछावण्यांतून वाचलेले आणि पुढे खेळणी तयार करून नाव कमावलेले. त्यांच्यामुळे घरात बसलेला प्रेक्षक लोकलमधल्या त्या खांद्यावरून डोकावणाऱ्या प्रवाशाच्या जागी आला. त्याला सगळे दिसते आणि बोलता काहीच येत नाही.

२००३ च्या जागतिक स्पर्धेतला एक डाव आम्ही असाच पाहिला. क्रिस मनीमेकर हा टेनेसीचा हिशेबनीस, इंटरनेटवरच्या एका छोट्या पात्रता स्पर्धेतून तिथे पोहोचलेला. समोर सॅम फारहा हा मुरलेला व्यावसायिक, ओठांत न पेटवलेली सिगारेट. मनीमेकरच्या हातात राजा आणि सत्ती. पाचही पत्ते उघडले तरी त्याचे काहीच जुळले नाही. फारहाजवळ नव्व्यांची जोडी, म्हणजे तो जिंकत होता. मनीमेकरने सगळे पैसे पुढे लोटले आणि दगडासारखा बसून राहिला. फारहाला वास आला होता. तुझे इस्पिक हुकले असणार, अशी शंका त्याने बोलूनही दाखवली. आणि तरीही पत्ते टाकले. मनीमेकरने पुढे ती स्पर्धा जिंकली, २५ लाख डॉलर मिळवले, आणि आपणही हे करू शकतो असे जगभरातल्या लाखो हौशी लोकांना वाटू लागले.

मी म्हणालो, 'फारहा मूर्खच. समोर काहीच नव्हतं.' बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, 'तुला कसं कळलं?'

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापला आणि आमच्या टीव्हीच्या काचेवर, ज्या भागात खेळाडूंचे पत्ते आणि जिंकण्याची टक्केवारी दाखवत तिथे, चिकटपट्टीने लावला. डाव संपेपर्यंत तो काढायचा नाही. आधी आपण सांगायचे: कोणाकडे काय असेल, तू काय केले असतेस. खरे बघणे तेव्हापासून सुरू झाले. डॅनियल नेग्रेआनू गप्पा मारता मारता समोरच्याचे पत्ते मोठ्याने ओळखून दाखवी, ते उगाच नव्हते. आधीच्या प्रत्येक बोलीची तो मनात नोंद ठेवत होता. फिल आयव्हीच्या नजरेत काहीच वाचता येत नसे. फिल हेल्म्युथ हरला की उठून आकांडतांडव करी. त्याचे नाव बाबांनी जमदग्नी ठेवले होते. या सर्वांचे कौशल्य प्रामुख्याने पत्ते टाकून देण्यात आहे, हेही तेव्हाच ध्यानात आले. मोह पडावा असे पत्ते शांतपणे टाकायचे आणि पुढच्या डावाची वाट बघायची. कार्यक्रमात निवडक डाव दाखवत असल्यामुळे ही वाट बघणे प्रेक्षकाला दिसत नाही, एवढेच.

एका रात्री एकाकडे एक्क्यांची जोडी होती, दुसऱ्याकडे राजांची. पहिल्याने सगळे पैसे लावले, दुसऱ्यानेही. चार पत्ते उघडले तरी एक्के पुढेच होते. न दिसणाऱ्या चव्वेचाळीस पत्त्यांत राजे उरले होते फक्त दोन. शेवटचा पत्ता राजा निघाला. मी सवयीने म्हणालो, 'चुकला.'

'चुकला नाही,' बाबा म्हणाले. 'हरला.'

मी बराच वेळ काही बोललो नाही, कारण मला ते पोकरविषयीचे वाक्य वाटलेच नाही. आता त्या झोप न येण्याविषयी सांगायला हवे.

बदलापूरचे आमचे घर पश्चिमेला, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर होते. आईचे गुडघे दुखत आणि तळमजला स्वस्त पडत होता. वास्तुशांतीला आलेल्या नातेवाइकांनी हवेचे आणि मोकळ्या जागेचे तोंड भरून कौतुक केले होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो सर्वांना माहीत आहे. त्याच दिवशी इकडे उल्हास नदी आमच्या घरात आली. मी आणि आई दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे होतो. बाबा परळला अडकले होते. गाड्या बंद, फोन बंद. ते घरी पोहोचले तेव्हा पाणी उतरले होते आणि भिंतींवर खिडकीच्या उंचीएवढी चिखलाची रेघ होती. आईचे शिवणयंत्र, पुस्तके, अंथरुणे, कागदपत्रे, सगळे गेले. निवृत्तीच्या पैशांतला मोठा हिस्सा डागडुजीत गेला. हवेचे कौतुक करणारे तेच नातेवाईक आता म्हणत, 'नदीकाठी घर घ्यायचंच कशाला?' बाबा कोणाला उत्तर देत नसत. ते रात्री जागत.

म्हणून त्या रात्री मला वाटले, की त्यांना स्वतःसाठीच एक वाक्य सापडले आहे. पोकरमध्ये त्या शेवटच्या पत्त्याला 'रिव्हर' म्हणतात. मी उत्साहाने म्हणालो, 'आपलंही तसंच झालं, बाबा. तुम्ही चुकला नाहीत. शेवटचा पत्ता वाईट निघाला.'

त्यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, 'नाही रे. घर बघायला गेलो तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्याने मला हात करून दाखवलं होतं, पाणी कुठवर येतं ते. मी हसलो. त्याला जागा विकायची नाही म्हणून सांगतोय, असं वाटलं. पत्ता उघडा होता. मी बघितला नाही.'

मी निरुत्तर झालो. त्यानंतर मला महाभारतातले नलाख्यान वारंवार आठवत आले आहे. द्यूतात सर्वस्व हरलेला नल बाहुक होऊन ऋतुपर्ण राजाचा रथ हाकतो. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. बाहुक विश्वास ठेवत नाही. घाई असतानाही तो रथ थांबवतो, खाली उतरतो आणि मोजतो. संख्या जुळते. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकून घेतो. ही कथा बृहदश्व ऋषी वनात ऐकवतात ती युधिष्ठिराला, आणि शेवटी त्यालाही ती विद्या देतात. हरलेल्या माणसाचे सांत्वन म्हणून सांगितलेली ही कथा आहे. पण नशिबापुढे इलाज नाही, असे ती म्हणत नाही. मोजता येण्यासारखे होते ते तू मोजलेस का, असे ती विचारते.

'निर्णय बरोबर होता, निकाल वाईट लागला' हे वाक्य खरे असते तेव्हा माणसाला तारते. पण प्रत्येक जुगारी तेच वाक्य रोज रात्री स्वतःला ऐकवतो. दोहोंत फरक करायचा तर पुठ्ठा दोनदा लावावा लागतो. एकदा निकालावर, म्हणजे तेव्हा जे दिसणे शक्यच नव्हते त्याबद्दल स्वतःला शिक्षा करायची नाही. मग तो काढून, तेव्हा जे दिसत होते ते सगळे पाहिले होते का, हे तपासायचे. बाबांनी स्वतःचा हिशेब असा केला, आणि तो त्यांच्या विरुद्ध गेला. नवल असे, की त्यानंतर त्यांना झोप लागू लागली.

ते घर आम्ही २००८ मध्ये सोडले. पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर आलो. घेणाऱ्याला बाबांनी भिंतीवरची रेघ कुठवर होती ते स्वतः दाखवले, त्यामुळे किंमत कमी आली. आईला ते आवडले नव्हते. २०१९ आणि २०२१ च्या जुलैत नदी पुन्हा त्या बाजूला शिरली, तेव्हा आम्ही तिघेही बातम्या बघत गप्प बसलो होतो.

बाबा आता ऐंशीला टेकले आहेत. पोकरचे जुने डाव मी त्यांना मोबाइलवर लावून देतो. छोट्या पडद्यावर पुठ्ठा लावता येत नाही. ते अंगठ्याने कोपरा झाकून धरतात आणि मला विचारतात, 'बोल, काय असेल याच्याकडे?'