अर्धा किलो तांबं

रत्नागिरीत तांबं म्हटलं की जुन्या लोकांना स्टरलाइट आठवतं. लोकांच्या आंदोलनामुळे 1993 मध्ये त्या कारखान्याचं इथलं काम थांबलं आणि तो पुढे तुतिकोरीनला गेला. मला मात्र आमच्या आंब्याच्या बागेतला पंप आठवतो, आणि मान खाली जाते.

झालं असं, की मे महिन्यात पंपाची थ्री-फेज मोटर जळली. बाबांनी ती नेहमीच्या वाइंडिंगवाल्या काकांकडे टाकली. काकांनी नवी तार भरायची, जुनी जाळून काढलेली तार तोलायची आणि त्या तांब्याचे पैसे बिलातून वजा करायचे, हा तीस वर्षांचा रिवाज. जुनं तांबं भरलं 2 किलो 550 ग्रॅम.

मी सुट्टीवर आलेलो. डोक्यात किडा वळवळला. 18 कॉइल, प्रत्येकी 50 वेढे, एका वेढ्याची सरासरी लांबी 50 सेंमी. म्हणजे 450 मीटर तार. नव्या तारेचा तुकडा घरी होता, गेज तेच. व्हर्निअरने व्यास मोजला, 0.98 मिमी. तांब्याची घनता 8.96. उत्तर आलं 3.04 किलो. म्हणजे जवळजवळ अर्धा किलो तांबं गायब!

बाबा "जाऊ दे रे" म्हणत होते, तरी त्यांना घेऊन दुकानात गेलो आणि कागद काकांसमोर ठेवला. ते चिडले नाहीत. माझ्या हातातला तुकडा घेतला, ब्लेडने टोक खरवडलं आणि म्हणाले, "आता मोज."

0.90.

तारेवर इनॅमलचा थर असतो. जुन्या तारेवरचा तो केव्हाच जळून गेलेला, मी मात्र त्यालाही तांबंच धरलं होतं. व्यासात चूक फक्त 9 टक्क्यांची, पण क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो, म्हणून वजनात ती जवळपास 19 टक्के झाली. पुन्हा गुणाकार केला. 2 किलो 565 ग्रॅम.

"पंधरा ग्रॅम कमी भरलंय," काका बाबांकडे बघत म्हणाले. "त्याचे किती देऊ?"

परत येताना बाबा गाडीत एक अक्षर बोलले नाहीत. पंप मात्र संध्याकाळी सुरू झाला.