भिंतीवरचा क्रमांक

दंतवैद्याच्या खुर्चीत बसण्याआधी एकदा भिंतीकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. पदवीशेजारी तेथे राज्य दंत परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र असावयास हवे. बीडीएस ही चार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची आंतरवासिता यांनंतरची पदवी. परंतु उपचाराचा अधिकार मिळतो तो नोंदणीने.

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने ही घडी बसवली. त्यातील एक तरतूद मला फार माणुसकीची वाटते. नोंदवहीचे दोन भाग केले गेले: 'अ' भागात पदवीधर आणि 'ब' भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे याच व्यवसायावर पोट भरणारे. जुन्या कारागिरांची भाकर कायद्याने हिरावली नाही. मात्र ही सवलत वारशाने मिळत नाही. वडिलांचा हात पाहून शिकलेला मुलगा नोंदणीस पात्र ठरत नाही.

माझ्या आत्याने बाजारच्या दिवशी अशाच एका दातवाल्याकडून पुढचा दात बसवून घेतला होता. शेजारच्या दातांना कायमचा चिकटवलेला! हिरडी सुजली, पू झाला; अखेर दंत महाविद्यालयात तो कापून काढताना शेजारचे दोन धड दातही गेले. "स्वस्तात झालं होतं रे," असे ती आजही म्हणते.

नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? औषधाच्या चिठ्ठीवरही तो असावा लागतो. कवळी घडवणाऱ्या तंत्रज्ञाचे काम प्रयोगशाळेतले. ती तोंडात बसवणे हे नोंदणीकृत दंतवैद्याचेच काम.